पाळी जाताना: धाकधूक, सवयी आणि केसपेपरावरचे रकाने

परभणीकडे ‘रजोनिवृत्ती’ हा शब्द बोलण्यात येत नाही. ‘पाळी गेली’, ‘पाळी बंद झाली’ किंवा ‘त्यातून मोकळी झाले’ असं म्हणतात. त्या काळातल्या त्रासाला तर नावच नाही, नुसत्या तक्रारी आहेत. जीव घाबरा होतो. छातीत धडधडतं. अंगातून वाफा निघतात. रात्री दोनला जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही. कुणी जरा वर आवाज काढला की रडू फुटतं. बाई दवाखान्यात गेली तर रक्तदाब मोजला जातो, एखादा ईसीजी निघतो, अशक्तपणाचं सलाईन लागतं आणि ताकदीच्या गोळ्या हातात पडतात. घरी सासूबाई म्हणतात, ‘आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही.’

जानेवारी २०२६ मध्ये, संक्रांतीच्या मुहूर्तावर, राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने सरकारी रुग्णालयांत रजोनिवृत्तीसाठी स्वतंत्र क्लिनिक सुरू केली. आरोग्य राज्यमंत्री मेघना साकोरे-बोर्डीकर यांनी हा विषय लावून धरला होता. त्या जिंतूरच्या आमदार आणि परभणीच्या पालकमंत्री. तपासणी, समुपदेशन आणि औषधं एका छपराखाली मिळावीत, ही कल्पना. जावाजावांत दबक्या आवाजात चालणारी गोष्ट अशी सरकारी केसपेपरावर आली.

केसपेपर निघाला की त्यावर लिहायचं काय, हा प्रश्न येतो. ही धाकधूक संप्रेरकांची की संसाराची? चालणं, खाणं, झोप बदलून ती कमी होते का? होत असेल तर किती? गोळ्या घ्याव्यात की घेऊ नयेत? जगभर यावर पन्नास-साठ वर्षं वाद चालू आहे आणि गेल्या दोन वर्षांत तो पुन्हा तापला आहे. त्यातलं काय ठरलं, काय ठरायचं आहे आणि परभणीसारख्या जिल्ह्यात त्याचा अर्थ काय, याचा हा आढावा.

मागचा प्रवास

पाळी जाण्याची नोंद जुनी आहे. सुश्रुतसंहितेत पाळी बाराव्या वर्षी सुरू होते आणि पन्नाशीला क्षीण होते असं सांगितलं आहे. तिथे ती वयाची एक पायरी आहे, आजार नव्हे. युरोपात या अवस्थेला ‘मेनोपॉज’ हे नाव १८२१ साली गार्दान या फ्रेंच वैद्याने दिलं आणि तिथून ती वैद्यकाच्या वहीत शिरली. १९४२ मध्ये अमेरिकेत गाभण घोड्यांच्या मूत्रापासून काढलेल्या इस्ट्रोजेनची गोळी बाजारात आली. १९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन या डॉक्टरांचं ‘फेमिनाइन फॉरएव्हर’ हे पुस्तक गाजलं. पाळी जाणं म्हणजे संप्रेरकाची उणीव, आणि ती गोळीने भरून काढली की तारुण्य टिकतं, हा त्याचा सूर होता.

पहिला धक्का १९७५ च्या सुमारास बसला. नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढलेला दिसला. मग गर्भाशय असलेल्या स्त्रीला जोडीने प्रोजेस्टेरॉन द्यायचं ठरलं. दुसरा धक्का मोठा होता. ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अमेरिकी अभ्यासातला सोळा हजारांवर स्त्रियांचा एक भाग २००२ मध्ये मुदतीआधी थांबवला गेला, कारण दोन्ही संप्रेरकं घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग आणि हृदयविकार वाढताना दिसले. बातमी जगभर पसरली आणि लाखो स्त्रियांनी गोळ्या टाकून दिल्या.

नंतर आकडे शांतपणे वाचले गेले. अभ्यासातल्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दशक उलटलं होतं. स्तनाच्या कर्करोगातली वाढ वर्षाला दर दहा हजार स्त्रियांमागे आठ होती. त्यातून आजचं मत तयार झालं: साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत उपचार सुरू केले, तर त्रास खूप असलेल्या निरोगी स्त्रीला सहसा तोट्यापेक्षा फायदा जास्त. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवरचा काळ्या चौकटीतला इशारा काढायचं जाहीर केलं. काहींना ही उशिरा झालेली दुरुस्ती वाटली, तर काहींना लंबक पुन्हा दुसऱ्या टोकाला चालल्याची शंका आली.

भारतात इंडियन मेनोपॉज सोसायटी १९९५ मध्ये स्थापन झाली. तिच्या पाहणीत भारतीय स्त्रीची पाळी जाण्याचं सरासरी वय ४६ च्या आसपास आलं. पाश्चात्त्य देशांत ते ५१ च्या घरात आहे. पाच वर्षांचा हा फरक दिसतो त्याहून मोठा आहे, कारण हाडांना आणि हृदयाला इस्ट्रोजेनचा आधार तितकी वर्षं कमी मिळतो.

शरीरात काय घडतं

सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात. त्रास मात्र त्याच्या आधीच, चार-पाच वर्षांपासून सुरू होऊ शकतो. या उंबरठ्यावरच्या काळात इस्ट्रोजेन एका चालीने उतरत नाही. ते विहिरीच्या रहाटासारखं वर-खाली होतं. एखाद्या महिन्यात नेहमीपेक्षा जास्त, पुढच्या महिन्यात तळाला.

मेंदूत मन स्थिर ठेवणारी जी रसायनं आहेत, त्यांतल्या सेरोटोनिनच्या कामात इस्ट्रोजेनचा हात असतो. प्रोजेस्टेरॉनपासून तयार होणारा एक घटक मेंदूला शांत करणाऱ्या ‘गाबा’ यंत्रणेवर काम करतो. दोन्ही डगमगले की काही स्त्रियांचं मन डगमगतं. सगळ्यांचं नाही. आज बऱ्याच संशोधकांचा कल असा आहे की संप्रेरकाच्या कमतरतेपेक्षा त्याच्या चढउताराला काही मेंदू जास्त संवेदनशील असतात. ज्यांना पूर्वी पाळीच्या आधी किंवा बाळंतपणानंतर उदासी आली होती, त्यांना इथेही जपावं लागतं.

वाफांचा मार्ग वेगळा आहे. मेंदूतला तापमान सांभाळणारा भाग इस्ट्रोजेन कमी झाल्यावर हळवा होतो. अंगाचं तापमान जरासं वाढलं तरी घाम सुटतो, रक्तवाहिन्या फुलतात, ठोके वाढतात. मे महिन्यात पारा चाळीशीच्या वर ठाण मांडून बसतो आणि पत्र्याच्या खोलीत पंखाही गरम वारा फेकतो, तेव्हा बाहेरची झळ कुठे संपते आणि आतली कुठे सुरू होते हे तिलाही कळत नाही.

इथेच गोंधळ होतो. वाफ आल्यावरचं धडधडणं आणि घाबरण्याच्या झटक्यातलं धडधडणं अंगाला सारखंच वाटतं. थायरॉइड बिघडला तरी हेच होतं. देशातल्या आठ शहरांतल्या एका मोठ्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांत थायरॉइडची कमतरता आढळली होती. रक्त कमी असलं तरी दम लागतो, छाती धडधडते. आणि छातीतल्या कळीला ‘वयाचं आहे’ म्हणून सोडून देणं धोक्याचं, कारण पाळी गेल्यावर हृदयविकाराचं प्रमाण वाढतं. म्हणून रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि गरज असल्यास ईसीजी आधी, नाव नंतर, यावर सगळ्या बाजूंचं एकमत आहे.

धाकधूक कशाची: तीन मतं

पहिलं मत शरीराचं. अमेरिकेत १९९६ च्या सुमारास सुरू झालेल्या ‘स्वान’ या दीर्घ अभ्यासात तीन हजारांवर स्त्रियांना वर्षानुवर्षं विचारलं गेलं. ज्यांना आधी चिंतेचा फारसा त्रास नव्हता, त्यांच्यातही या संक्रमणात आणि त्यानंतर चिंतेची लक्षणं वाढलेली दिसली. आधीपासून चिंताग्रस्त असलेल्यांची पातळी वरच राहिली, पण पाळी जाण्याने तिच्यात विशेष भर पडली नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १७२ निरोगी स्त्रियांना वर्षभर संप्रेरकं किंवा त्यांच्यासारखेच दिसणारे, औषध नसलेले नकली उपचार दिले गेले. संप्रेरकं घेणाऱ्यांपैकी १७ टक्क्यांत, तर न घेणाऱ्यांपैकी ३२ टक्क्यांत उदासीची ठळक लक्षणं दिसली. शरीराचा हात आहे, याला हा जोरदार आधार. पण चाचणी उदासीची होती. चिंतेसाठी इतका स्वच्छ पुरावा अजून नाही.

दुसरं मत समाजाचं. मार्शा फ्लिंट या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी राजस्थान आणि हिमाचलातल्या राजपूत स्त्रियांशी बोलून १९७५ मध्ये लिहिलं की त्यांच्यात पाळी जाण्याचा त्रास फारसा आढळला नाही. पाळी गेल्यावर त्यांचा पडदा सैल होत असे, पुरुषांच्या बैठकीत बसता येई, मान वाढे. पाळी जाणं तिथे बक्षीस होतं. मानववंशशास्त्रज्ञच असलेल्या मार्गारेट लॉक यांनी १९९३ मध्ये लिहिलं की जपानी स्त्रियांत वाफांपेक्षा खांदेदुखीची तक्रार जास्त दिसली. आपल्याकडच्या अनेक पाहण्यांतही सांधेदुखी आणि थकवा वरच्या क्रमांकावर येतात. मराठवाड्यातही ‘विटाळ संपला’ म्हणून पूजेला, गाभाऱ्याजवळ, वारीला मोकळेपणाने जाता येतं, याचं समाधान सांगणाऱ्या बायका भेटतात. या मताप्रमाणे शरीर तेच असलं तरी समाज त्याला कोणता अर्थ देतो, यावर त्रास कमी-जास्त होतो. यावर आक्षेपही आहे. तक्रार न सांगणं म्हणजे तक्रार नसणं नव्हे. सासूबाईंच्या ‘आमच्या वेळी नव्हतं’मध्ये ‘आम्हाला कुणी विचारलं नव्हतं’ हेही दडलेलं असू शकतं.

तिसरं मत वयाचं आणि परिस्थितीचं. पंचेचाळीस ते पंचावन्न या वयात पाळीबरोबर आणखी बरंच काही बदलतं. मुलगा पुण्याला कंपनीत जातो, मुलीचं लग्न डोक्यावर असतं, सासू-सासरे अंथरुणाला खिळतात, नवऱ्याची साखर वाढते. कोरडवाहू घरात त्यात सोयाबीनचा भाव आणि सोसायटीचं कर्ज येतं. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर मराठवाडा आणि विदर्भातल्या चौदा जिल्ह्यांसाठी शासनाने ‘प्रेरणा प्रकल्प’ आखला, त्यात परभणीही आहे. अशा घरातल्या बाईच्या धडधडीला फक्त संप्रेरक म्हणणं अपुरं. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केलेल्या लेखमालेने हाच सूर लावला: पाळी जाण्याने सरसकट सगळ्यांना चिंता वा नैराश्य येतं याला पुरावा नाही, आणि प्रत्येक गोष्ट आजार ठरवल्याने स्त्रिया जास्त धास्तावतात. अनेक स्त्रीरोगतज्ज्ञांनी लगेच उत्तर दिलं की त्रास होणाऱ्या स्त्रिया आधीच दुर्लक्षित आहेत, त्यात ही भाषा त्यांच्या तोंडावर दार लावते.

तिन्ही मतं वेगवेगळ्या स्त्रियांकडे पाहून तयार झालेली आहेत, असं वाचताना वाटत राहतं. एकीला वाफांमुळे झोप नाही आणि झोप नाही म्हणून चिंता. दुसरीची चिंता वीस वर्षांची, फक्त आता उघड झाली. तिसरीला वाफा नाहीत, झोप आहे, तरी मन थाऱ्यावर नाही. तिघींना एकच सल्ला दिला तर दोघींच्या बाबतीत तो चुकतो.

सवयी बदलून काय साधतं

जीवनशैलीच्या सल्ल्याचं एक गाठोडं सगळीकडे मिळतं: चाला, योग करा, पालेभाजी खा, चहा कमी करा, ताण घेऊ नका. हे गाठोडं सोडून एकेक वस्तू वेगळी पाहिली की चित्र बदलतं.

वाफांपासून सुरुवात करू. उत्तर अमेरिकेतल्या मेनोपॉज सोसायटीने २०२३ मध्ये संप्रेरकांशिवायच्या उपायांचा आढावा घेतला. वाफा कमी करण्यासाठी सीबीटी (तिच्याविषयी पुढे येईलच), वैद्यकीय संमोहन, काही औषधं आणि वजन कमी करणं यांना तिने पसंती दिली. व्यायाम, योग, संथ श्वसन, सोयाबीन आणि वनौषधींच्या गोळ्या यांची वाफांसाठी शिफारस केली नाही. भारतीय वाचकाला हे चमकवणारं आहे. बेंगळुरूच्या विवेकानंद योग संशोधन संस्थेने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात योगाने वाफा आणि रात्रीचा घाम कमी झालेला दिसला होता. २०१४ च्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत मात्र वाफांवर योगाचा परिणाम दिसला नाही, झोपेत थोडी सुधारणा झाली. योग फसवा आहे, असा याचा अर्थ काढू नये. त्याचा उपयोग मनासाठी आणि झोपेसाठी मानावा, वाफांसाठी त्याच्यावर भिस्त ठेवू नये, इतकंच आज म्हणता येतं.

चिंतेसाठी सगळ्यांत भक्कम बिनऔषधी उपाय सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणूक तपासून बदलण्याची पद्धत. मराठी वाचकाला ती अनोळखी नाही. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवली, सीबीटी त्याच घराण्यातली. इंग्लंडमधल्या २०१२ च्या चाचणीत गटात बसून किंवा पुस्तिका वाचून ती शिकलेल्या स्त्रियांना वाफा जवळजवळ तितक्याच आल्या, पण त्यांचा त्रास कमी वाटू लागला. ‘आता सगळे बघतील, मला चक्कर येईल’ हा विचार ‘दोन-तीन मिनिटांत उतरेल’ असा बदलला की धडधड लवकर खाली येते. मर्यादा उघड आहे: प्रशिक्षित समुपदेशक तालुक्याला सहज मिळत नाहीत. १४४१६ या क्रमांकावरची ‘टेली मानस’ सेवा ऑक्टोबर २०२२ पासून मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. सुरुवातीला तीही बरी.

व्यायामाचा प्रश्न परभणीत दोन पायांवर उभा आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्ला आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम असा आहे, पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचा सरावही. वसमत रोडवरच्या कॉलनीत राहणाऱ्या शिक्षिकेला हा सल्ला थेट लागू पडतो. पण सकाळी सातला खुरपं घेऊन निघणाऱ्या, दिवसभर कापूस वेचणाऱ्या बाईला ‘रोज चाला’ सांगणं म्हणजे तिच्या दिवसाकडे न पाहता बोलणं. कामातले श्रम आणि मोकळ्या वेळातला व्यायाम यांचा शरीरावर सारखा परिणाम होतो का, यावर संशोधकांत मतभेद आहेत. काही युरोपीय अभ्यासांत जड कामाच्या पुरुषांचं आयुष्य उलट कमी दिसलं, स्त्रियांत तसं स्पष्ट दिसलं नाही. एक गोष्ट मात्र नीट कळली आहे. हाडं बळकट व्हायला वजन पेलणं लागतं, आणि ते टप्प्याटप्प्याने वाढवावं लागतं. २०१८ च्या एका ऑस्ट्रेलियन चाचणीत हाडं विरळ झालेल्या स्त्रियांनी देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा, अर्धा तास वजनं उचलली आणि आठ महिन्यांत त्यांच्या कण्याची घनता सुधारली. कापूस वेचणं लांबलचक आणि वाकून असतं, पण वजनाचं नसतं. राबणारी बाई थकते, तरी तिच्या हाडांना आणि मांड्यांना हवा तो ताण मिळेलच असं नाही. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठणं-बसणं तिलाही उपयोगाचं.

आहारात जिल्ह्याकडे जमेची बाजू मोठी आहे. ज्वारीची भाकरी, तीळ, जवस आणि कारळाची चटणी, अंबाडीची भाजी, शेंगदाणे हे इथलं रोजचं खाणं. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने २०१८ मध्ये इक्रिसॅटच्या साथीने ‘परभणी शक्ती’ हे लोह आणि जस्त जास्त असलेलं ज्वारीचं वाण दिलं, अशा जैवसंपृक्त ज्वारीतलं देशातलं पहिलं. पण ताटात रेशनच्या गव्हा-तांदळाने भाकरीची बरीच जागा घेतली आहे. खरा तुटवडा प्रथिनांचा आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे पन्नास किलो वजनाच्या बाईला दिवसाला चाळीस-बेचाळीस ग्रॅम प्रथिनं लागतात. सगळ्यांना वाढून उरलेलं पातळ वरण आणि आठवड्याला दोन उपवास, त्यात साबुदाणा, या हिशेबात ती भरत नाहीत, कारण साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. कॅल्शियम हजार ते बाराशे मिलिग्रॅम हवं. चमचाभर तिळात शंभरेक मिलिग्रॅम असतं, पण सगळं अंगी लागत नाही. त्यामुळे दूध, दही, ताक यांचा वाटा तिच्या पेल्यातही पडायला हवा.

सोयाबीनची गोष्ट निराळीच. त्यातल्या इस्ट्रोजेनसदृश घटकांमुळे वाफा कमी होतात का, यावर अभ्यास उलटसुलट आहेत. फायदा निघालाच तर थोडा. मराठवाड्यात शिवारभर सोयाबीन, पण ते थेट मोंढ्यात जातं, घराच्या डब्यात फारसं येत नाही. वाफांचं सोडा, प्रथिनांसाठी ते पिठात मिसळायला हरकत नाही.

मिसरीचा उल्लेख राहून चालणार नाही. भाजलेल्या तंबाखूची ही पूड अनेक बायकांना सकाळची पहिली गरज असते. धूम्रपानाने पाळी सरासरी एक-दोन वर्षं आधी जाते हे ठाऊक आहे. मिसरीवर तितकं काम झालेलं नाही, पण तोंडाच्या कर्करोगाचा धोका पुरेसा स्पष्ट आहे. शिवाय निकोटिनची तलफ आणि चिंता यांची गाठ पक्की असते: मिसरी लावली की बरं वाटतं, उतरली की पुन्हा घालमेल.

राहिली झोप. रात्रीच्या घामाने मोडलेली झोप दुसऱ्या दिवशीची चिंता वाढवते, आणि ती चिंता पुढची रात्र मोडते. झोपेसाठीची सीबीटी इथे चांगली कामी येते. पण रात्रपाळीच्या विजेवर मोटर चालू करायला उठणाऱ्या घरात ‘ठरल्या वेळी झोपा’ हा सल्ला महावितरणच्या वेळापत्रकावर अवलंबून असतो.

औषधं: कुणाला, किती

वाफांवर आजही सगळ्यांत परिणामकारक उपचार संप्रेरकांचाच. वाफांमुळे झोप आणि झोपेमुळे मन बिघडलं असेल, तर त्याने मनही सावरतं. वाफा नसताना निव्वळ चिंतेसाठी संप्रेरकं देण्यावर मात्र एकमत नाही. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल, रक्तात गुठळ्या झाल्या असतील, यकृताचा गंभीर आजार असेल किंवा कारण न कळलेला रक्तस्राव होत असेल, तर ती टाळतात. त्वचेवर लावायच्या जेल वा पट्टीत गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी असतो. चिंताविकारच असेल तर नैराश्य-चिंतेवरची नेहमीची औषधं दिली जातात. त्यांतली काही वाफाही कमी करतात. २०२३ मध्ये मेंदूतल्या तापमान-यंत्रणेवर काम करणारं फेझोलिनेटंट हे नवं औषध अमेरिकेत मंजूर झालं.

आयुर्वेदाच्या बाजूने अश्वगंधा आणि शतावरी यांची नावं येतात. अश्वगंधेच्या २०२१ च्या एका छोट्या भारतीय चाचणीत आठ आठवड्यांत त्रास कमी झाला. दुसरीकडे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी जगभरातून आल्या आणि डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. समर्थक म्हणतात, परंपरेतली मात्रा आणि बाजारातला तीव्र अर्क यांत फरक आहे. टीकाकार म्हणतात, फरक आहे तर तो चाचणीने दाखवा. निदान थायरॉइडची गोळी चालू असलेल्या बाईने न विचारता ती घेऊ नये, हे दोघांनाही मान्य व्हावं.

एका बाबतीत वाद नाही. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर ‘पाळी परत आली’ म्हणून गप्प बसायचं नाही. ती तपासणीची खूण आहे.

पिशवीचा प्रश्न

आतापर्यंतची चर्चा पाळी आपसूक जाण्याची होती. मराठवाड्यात मोठ्या संख्येने बायकांची पाळी आपसूक जात नाही, ती काढली जाते. ‘पिशवी काढली’ हे वाक्य इथे कोणत्याही बसस्टँडवर ऐकायला मिळतं. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांमधल्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. तुलनेला, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांत हे प्रमाण ३.२ टक्के होतं. परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड, सोनपेठ, पाथरीकडूनही ऊसतोडीला टोळ्या जातात. ऊसतोडीत ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल म्हणजे आगाऊ रक्कम आधीच घेतलेली. पाळीच्या दिवशी खाडा पडला की पैसे कापले जातात. फडात ना पाणी, ना आडोसा.

कारणांबद्दल दोन बाजू आहेत. एका बाजूने खाडा टाळण्याचं दडपण, कर्करोगाची घातलेली भीती आणि खासगी दवाखान्याचा नफा यांकडे बोट दाखवलं जातं. दुसऱ्या बाजूने डॉक्टर सांगतात की कमी वयातली लग्नं, लागोपाठची बाळंतपणं आणि उपचार न झालेले संसर्ग यांमुळे अनेकींचा त्रास खरा असतो, आणि पुन्हा पुन्हा दवाखान्यात यायला वेळ-पैसा नसल्याने त्या स्वतःच ‘काढून टाका’ म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठीच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करण्याचे निर्देश राज्यांना दिले.

आपल्या विषयाशी याचा थेट संबंध आहे. पिशवीबरोबर अंडाशयही काढली तर इस्ट्रोजेन एका रात्रीत कोसळतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या दीर्घ अभ्यासात, पाळी जाण्याआधी दोन्ही अंडाशयं काढलेल्या स्त्रियांत पुढे चिंता आणि नैराश्याची लक्षणं जास्त दिसली. अंडाशयं ठेवली तरी पाळी जाण्याची वेळ काही वर्षं अलीकडे येऊ शकते, आणि पाळीच नसल्याने ती वेळ कधी आली ते कळतही नाही. पंचेचाळिशीच्या आत अंडाशयं गेली तर, काही आडकाठी नसल्यास, पन्नाशीपर्यंत संप्रेरकं द्यावीत हा बहुतेक मार्गदर्शक तत्त्वांचा सल्ला आहे. पस्तिशीत पिशवी काढलेली आणि आज बेचाळिशीत जीव घाबरा होतो म्हणणारी बाई त्यामुळे सर्वसाधारण ‘पन्नाशीच्या’ सल्ल्यात बसतच नाही.

आणि पुरुष?

पुरुषांत टेस्टोस्टेरॉन हळूहळू उतरतं, वर्षाला साधारण एक टक्का. त्याला ‘पुरुषांची रजोनिवृत्ती’ म्हणणं बहुतेक संशोधकांना पटत नाही. युरोपातल्या २०१० च्या अभ्यासात ४० ते ७९ वयाच्या पुरुषांपैकी साधारण दोन टक्क्यांतच लक्षणं आणि कमी संप्रेरक यांची खरी जुळणी निघाली. बाकीच्यांच्या चिडचिडीमागे वजन, साखर, दारू आणि अपुरी झोप जास्त. या वयात घरातल्या दोघांचीही झोप उडालेली असते. दवाखान्यात मात्र दोघं वेगवेगळ्या रांगेत उभे राहतात.

काय ठरायचं आहे

पहिली उणीव माहितीची. ‘स्वान’सारख्या अभ्यासात पाच वंशगट होते, पण त्यांत दक्षिण आशियाई स्त्रिया नव्हत्या. त्यामुळे वाफा सरासरी सात वर्षं टिकतात, हा आकडा परभणी जिल्ह्यातल्या पालमच्या बाईला लागू आहे का, हे कुणी ठामपणे सांगू शकत नाही. आपल्याकडे २०१७-१८ मध्ये पंचेचाळिशीपुढच्या ७२ हजारांवर लोकांची ‘लासी’ ही पाहणी सुरू झाली. तिच्या पुढच्या फेऱ्यांतून काही उत्तरं मिळतील.

दुसरी उणीव चाचण्यांची. व्यायामाच्या बहुतेक चाचण्या बैठ्या कामाच्या शहरी स्त्रियांवर झाल्या. शेतात राबणाऱ्या स्त्रीला व्यायाम हवा की विश्रांती, आणि हवा तर कोणता, हा प्रश्न कृषी विद्यापीठ आणि नवं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ज्या शहरात शेजारी नांदतात तिथे विचारला जायला हरकत नाही. भजनी मंडळ, बचत गट, वारी यांचा मनावर होणारा परिणाम आपण गृहीत धरतो, मोजत नाही.

तिसरा प्रश्न शब्दांचा. ‘जीवनशैली’ या शब्दात निवड गृहीत आहे. काय खायचं, कधी झोपायचं, किती राबायचं हे ज्या बाईच्या हातात आहे, तिच्यासाठी सवयी बदलण्याचा सल्ला औषधाच्या तोडीचा ठरू शकतो. ते जिच्या हातात नाही, तिला तोच सल्ला आणखी एक दोष चिकटवतो. क्लिनिकचं यश किती गोळ्या वाटल्या यावर मोजायचं की घरच्यांशी किती वेळा बोलणं झालं यावर, हेही ठरायचं आहे.

तोवर केसपेपरावर काय असावं याचा अंदाज या आढाव्यातून बांधता येतो. पाळी कधी गेली. आपसूक गेली की पिशवी काढली, आणि अंडाशयं आहेत का. वाफा येतात का. झोप किती. धडधड पहिल्यांदा कधी सुरू झाली, पाळी बिघडल्यावर की त्याच्या कितीतरी आधी. मिसरी लावता का. दिवसभर काय काम करता. घरात कोण कोण असतं. या रकान्यांची उत्तरं ऐकून घ्यायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. जगभरची चर्चा वाचल्यावर असं वाटतं की संप्रेरक की सवयी, या प्रश्नाचं उत्तर सर्वांसाठी एक नाही. ते त्या पंधरा मिनिटांत, एकेका बाईपुरतं सापडतं.